किनाऱ्याला दारे किती?

१५ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईच्या किनारी रस्त्यालगतचे विहार क्षेत्र लोकांसाठी खुले झाले. त्या दिवसांत जे आकडे सगळीकडे फिरले ते लांबी-रुंदीचे होते. प्रियदर्शिनी पार्कपासून वरळीपर्यंत एकूण ७.५ किलोमीटर, त्यातले पहिल्यांदा खुले झाले ते ५.२५ किलोमीटर, रुंदी २० मीटर, म्हणजे मरीन ड्राइव्हपेक्षा दुपटीने मोठे. ज्या शहरात माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते, त्या शहराला समुद्राकाठी एवढी मोकळीक मिळणे ही साधी गोष्ट नाही. मी तिथे फिरलो आहे, पुन्हाही जाणार आहे. पण आपण मोजतो आहोत ते चुकीचे. समुद्राकाठच्या वाटेची मोजणी तिच्या दारांवरून व्हायला हवी. मागच्या वस्तीतून पायी निघालेला माणूस, सायकलवर आलेला पोरगा, काठी टेकत आलेली आजी तिथे किती ठिकाणांहून शिरू शकतात आणि शिरताना त्यांना किती त्रास पडतो? या हिशेबाने नवे विहार क्षेत्र फार तोकडे आहे, आणि तसे ते रस्ता आखला त्याच दिवशी ठरून गेले होते.

मरीन ड्राइव्ह कायम भरलेली का असते, याचे उत्तर आपण समुद्राच्या देखाव्यात शोधतो. खरे कारण पाठीमागे आहे. चर्चगेट, मरीन लाइन्स आणि चर्नी रोड ही तीन स्थानके किनाऱ्याला जवळपास समांतर उभी आहेत. विरारहून लोकलने आलेला माणूस गाडीतून उतरल्यावर पाच-दहा मिनिटांत कठड्यावर बसलेला असतो. मध्ये रस्ता आडवा येतो, वाहने भरपूर असतात, पण तो शहरातला नेहमीचा रस्ता आहे. सिग्नल लागतो, गाड्या थांबतात, माणसे ओलांडतात. आणि कठड्याची उंची अशी की कोणीही सहज टेकावे, पाय आत सोडावेत की बाहेर, ते ज्याचे त्याने ठरवावे. निकाल लागल्यावर तिथे मुले येतात. नोकरी गेल्याचे घरी कसे सांगायचे या विवंचनेत माणूस तिथे तासभर बसून राहतो. लग्न ठरलेली जोडपी येतात, ज्यांचे ठरणे अवघड आहे तीही येतात. कोणी कोणाला कुठून आलात म्हणून विचारत नाही.

ही जागाही भरावातूनच आली आहे, हे विसरता कामा नये. १८६०नंतर रेल्वे दक्षिणेकडे सरकत आली तेव्हा बॅकबेचा काठ रुळांनी घेतला आणि शहर पाण्यापासून तुटले. आजचा महर्षी कर्वे रस्ता एके काळी जवळपास पाण्याच्या कडेने जात होता, हे तिथे उभे राहून आता पटत नाही. पुढे रुळांच्याही पलीकडे भर घालून चालणाऱ्यांसाठी किनारा नव्याने बांधला गेला. केनेडी सी फेस या नावाने त्याची कोनशिला १८ डिसेंबर १९१५ रोजी बसली. तेव्हा भराव म्हटला की तो वाईटच, असे मुंबईकराला म्हणता येणार नाही. हॉर्नबी वेलार्ड या बांधाने अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मी आणि वरळीमधले खिंडार बुजवले नसते तर आजची मध्य मुंबई दलदलच राहिली असती. भर घालून झाल्यावर तिच्यावर पहिला हक्क कोणाला मिळतो, हा खरा प्रश्न आहे.

किनारी रस्त्याने तो हक्क मोटारीला दिला. प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूपर्यंत १०.५८ किलोमीटर, त्यात मलबार हिलच्या पोटातून जाणारे २ किलोमीटरहून थोडे मोठे जुळे बोगदे, सरळ पट्ट्यात ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा. दुचाकी, रिक्षा, सायकल आणि पादचारी यांना त्यावर बंदी. अशा रस्त्यावर सिग्नल बसवता येत नाही आणि झेब्रा पट्टे आखता येत नाहीत. म्हणून चालणाऱ्याला जमिनीखालून जावे लागते. ब्रीच कँडी, हाजी अली, वरळी अशा मोजक्या ठिकाणी पादचारी भुयारे दिली आहेत, आणि विहार क्षेत्रात शिरायचे तर त्यांतूनच. दोन भुयारांच्या मधे तुमचे घर असेल, खिडकीतून समुद्र दिसत असेल, तरी तुम्हाला आधी शहराच्या कडेकडेने भुयारापर्यंत चालायचे, खाली उतरायचे, रस्त्याखालून जायचे, वर चढायचे आणि मग मागे वळून आपल्याच घरासमोर यायचे.

हाजी अलीजवळ हे सगळ्यात स्पष्ट जाणवते. वर दर्ग्याकडे जाणाऱ्यांची वर्दळ असते, फळांच्या रसाची दुकाने, टॅक्सीवाले, भिकारी, फुलांच्या चादरी, सगळा गजबजाट. भुयारात उतरलात की तो एकदम तुटतो. पलीकडे वर आलात की समोर आकाश आणि पाणी, आणि पाठीमागे गाड्यांचा अखंड घरघराट. तो घरघराट वरळीपर्यंत सोबत करतो. वाऱ्याची दिशा बदलली की थोडा कमी होतो, इतकेच. झाडे अजून लहान आहेत. मे महिन्याच्या दुपारी तिथे सावलीचा तुकडाही मिळत नाही, त्यामुळे ही जागा सध्या सकाळची आणि संध्याकाळचीच आहे. काही वर्षांत झाडे वाढतील, सावली येईल. दारे मात्र आपोआप वाढत नाहीत.

यावर एक उत्तर ठरलेले असते. रस्ता झाला म्हणून भर पडली, भर पडली म्हणून विहार क्षेत्र मिळाले. रस्ताच नसता तर फिरायला जागा कुठून आली असती? हे उत्तर मी हलक्याने घेत नाही, कारण कागदोपत्री ते खरे आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत डिसेंबर २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि अपवादात्मक परिस्थितीत रस्त्यासाठी समुद्रात भर घालायला वाट मोकळी झाली. ती सवलत रस्त्यासाठी होती, बागेसाठी नव्हती. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाच्या परवानग्या रद्द केल्या, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, पण काम फक्त रस्त्यापुरते करायला सांगितले. बागा, सायकल मार्ग आणि विहार क्षेत्र यांना मुभा मिळाली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, भराव घातलेली जमीन निवासी किंवा व्यापारी कामासाठी वापरायची नाही या अटीवर. म्हणजे सुमारे १११ हेक्टर भर, तिच्यातली ७० हेक्टर हिरवी जागा, हा सगळा पसारा रस्त्याच्या पाठोपाठ आला. रस्त्याला हवी ती जागा घेऊन झाल्यावर उरलेल्या भागात चालणाऱ्याला बसवले गेले. दारे कमी का, याचे कारण इथे आहे. आधी चालणाऱ्याची वाट काढून मग तिच्या मागे रस्ता बसवला असता, तर तो रस्ता वेगळा झाला असता. कदाचित सिग्नलचा, कमी वेगाचा, मरीन ड्राइव्हसारखा.

आणि रस्त्याशिवाय किनारा मिळत नाही, हे तर खरेच नाही. वांद्र्यात कार्टर रोड आणि बँडस्टँडचे किनारे या शतकाच्या उंबरठ्यावर स्थानिक नागरिकांनी पुढाकार घेऊन, वास्तुरचनाकार पी. के. दास यांच्यासोबत काम करून सावरले. तिथे द्रुतगती रस्ता लागला नाही. गल्लीच्या तोंडाशी समुद्र आहे, गल्लीतून निघालेला माणूस थेट समुद्रावर येतो. कार्टर रोडला बाजूला खारफुटीही टिकून आहे. जगात इतरत्र तर लोक उलट्या दिशेने चालले आहेत. पॅरिसने २०१६ मध्ये सीन नदीच्या उजव्या काठचा वेगवान रस्ता मोटारींना बंद करून चालणाऱ्यांना दिला. सॅन फ्रान्सिस्कोने १९८९च्या भूकंपात मोडकळीला आलेला समुद्राकाठचा दुमजली रस्ता पुन्हा न बांधता पाडून टाकला.

पण मुंबईशी सगळ्यात जवळचे नाते मला शिकागोचे वाटते. तिथे मिशिगन सरोवराच्या काठाने सुमारे ३० किलोमीटरची चालण्या-सायकलची वाट आहे, २०१८ पासून चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी वेगवेगळी. सरोवर आणि शहर यांच्यामध्ये लेक शोअर ड्राइव्ह हा रुंद, वेगवान रस्ता आहे आणि लोक भुयारांतून किंवा पुलांवरून पलीकडे जातात. म्हणजे आपण नुकते जे बांधले, त्यासोबत शिकागो कित्येक दशके राहते आहे. तिथेही आधी रेल्वेच आली होती. १८६९ मध्ये इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने सरोवराचा बंदरालगतचा मोठा तळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला. चार वर्षांनी त्यांनीच तो परत घेतला. भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९२ मध्ये न्यायालयाने सांगितले की असे पाणी राज्याकडे जनतेची ठेव म्हणून असते, सरकारला ते कोणाला विकून मोकळे होता येत नाही. पुढे ॲरन माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने सरोवराकाठची मैदाने इमारतींपासून मोकळी राहावीत म्हणून वीस वर्षे खटले लढवले. त्याचा आधार होता १८३६च्या नकाशावरची एक जुनी नोंद.

१८९२चा तो निकाल आपलाही आहे, आणि हे मी उगाच म्हणत नाही. डिसेंबर १९९६ मध्ये हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या एका हॉटेलाच्या प्रकरणात, एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ या खटल्यात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालाचा आधार घेतला आणि सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. हवा, समुद्र, वाहते पाणी, जंगल हे सरकारच्या मालकीचे नाहीत. सरकार त्यांचे विश्वस्त आहे. आता विश्वस्ताचे काम काय असते? ठेव शाबूत ठेवणे हे अर्धे काम झाले. ज्यांची ठेव आहे त्यांना ती वापरता येईल अशी सोय करणे हे उरलेले अर्धे. पालिकेने किनारा विकला नाही, बागही केली. तरी तिथे पोहोचण्याची वाट थोड्यांनाच सोपी असेल, तर विश्वस्ताचे काम पुरे झाले असे मी मानणार नाही.

शिकागोच्या इतिहासात याची फार कडवट साक्ष आहे. कायद्याने सरोवर सगळ्यांचे होते. २७ जुलै १९१९ रोजी यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यावर तरंगत गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या पाण्यात गेला. काठावरून दगड आले, तो बुडाला, आणि उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली. त्या पाण्यात रेषा कुठेच आखलेली नव्हती. जमिनीवर ती रुळांच्या रूपाने होतीच, पुढे रस्त्याने ती पक्की केली. शहराच्या दक्षिण भागात, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून सरोवराकडे जायला चांगले पूल कमी होते. ३५व्या रस्त्यावरचा नवा पादचारी पूल २०१६ मध्ये आला, ४१व्या रस्त्यावरचा त्यानंतर दोन वर्षांनी. वाट सगळ्यांची आहे असे नकाशा सांगत होता, आणि काहींना त्या वाटेवर पाऊल ठेवायला शंभर वर्षे लागली.

आपल्याकडे रेषा वर्णाची नाही, पण आहे. १९२० नंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या एकाच खात्याने दोन कामे हाती घेतली होती. एक बॅकबेची भर, जिच्यावरचा वारेमाप खर्च खुर्शीद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. दुसरे, गिरणी कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बांधलेल्या चाळी. त्या चाळींना आपण आजही बीडीडी म्हणतो. वरळीच्या चाळींतून समुद्र फार लांब नाही, पावसाळ्यात वास येतो इतका जवळ आहे. त्या चाळींत वाढलेल्या माणसाला नवे विहार क्षेत्र कोणी बंद केलेले नाही. पण कामावरून सात वाजता आलेल्या बाईला आधी ॲनी बेझंट रस्ता ओलांडून, मग वरळी सी फेसचा रस्ता, मग भुयार, असे करत लेकराला घेऊन तिथे जायचे आहे, आणि उच्चभ्रू इमारतीतला माणूस पाच मिनिटांत खाली उतरून तिथे पोहोचतो. रस्ता कोणासाठी झाला हे तर उघडच आहे. बेस्टची ए-८४ बस किनारी रस्त्यावरून धावते, याचे मला कौतुक आहे; पण बसमधून समुद्र दिसतो, समुद्रावर उतरता येत नाही. भुयारी मेट्रो आता आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि पुढे कफ परेडपर्यंत जाते. वरळी नाक्यावरच्या त्या स्थानकातून समुद्रापर्यंत एक नीट, सावलीची, न तुटणारी पायवाट काढणे हे काम किनारी रस्त्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

सायकलीचे दुखणे याहून जुने आहे. मुंबईत सायकल चालवतो तो पाववाला, दूधवाला, डबेवाला, किराणा पोचवणारा पोरगा. आपण मात्र सायकल मार्ग आखतो तो रविवार सकाळच्या हौशी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११च्या सुमारास खास मार्गिका बांधल्या, त्या पार्किंगने गिळल्या. डिसेंबर २०१७ मध्ये एनसीपीए ते वरळी असा सायकल मार्ग सुरू झाला, तो रविवारी सकाळी काही तासांपुरता. २०२२ मध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसह काही रस्ते गाड्यांना बंद केले, तेव्हा लहान मुले त्या रस्त्यांवर सायकली फिरवत होती, ते पाहून कोणाचेही मन भरून आले असते. पण आठवड्यातून एकदा मिळते ती करमणूक, त्याला वाहतूक म्हणत नाहीत. किनारी प्रकल्पात सायकल मार्ग पहिल्यापासून आहे. तो शहरातल्या एकाही सायकल मार्गाला जोडलेला नाही, कारण जोडायला शहरात मार्गच नाही, आणि किनारी रस्त्यावर सायकलला बंदी. सायकल भुयारातून ढकलत न्यायची, पाच किलोमीटर फिरायचे, पुन्हा ढकलत आणायची. पाववाला हे करणार नाही, आणि त्याने का करावे?

आता किनाऱ्याचा जो खरा धनी, त्याच्याविषयी. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर ओहोटीला कोळणी येत, वाकून खडकाला चिकटलेली कालवं फोडून काढत. त्या खडकांवर समुद्रफुले, शिंपले, खेकडे आणि प्रवाळही होते. काही प्रवाळ तर प्रकल्पासाठी उचलून दुसरीकडे लावावे लागले. खडक भरावाखाली गेला. काठावर आता मोठमोठे दगड रचले आहेत, पाण्याला हात लागत नाही. वरळी कोळीवाड्याच्या नाखव्यांनी क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर काढायला पुलाच्या खांबांमध्ये जास्त अंतर मागितले. ६० मीटरचे १२० मीटर व्हायला त्यांना काम अडवावे लागले, वर्षे घालवावी लागली. कालवं काढणारी बाई, होडी घेऊन निघालेला नाखवा, यांच्यासाठी किनारा ही देखाव्याची जागा कधी नव्हती, ती कामाची जागा होती. चालणाऱ्याचा हक्क मागताना हा आधीचा हक्क मागे टाकला, तर आपणही तेच करतो जे मोटारीने आपल्याशी केले.

वर्सोव्यापासून दहिसर, भाईंदरपर्यंत पुढचा किनारी रस्ता येतो आहे. त्याच्या आड हजारो खारफुटीची झाडे आहेत, खाड्या आहेत, गोराई-मनोरीकडचे कोळीवाडे आहेत. तो रस्ता हवा की नको, यावर माझे मत नकोच्या बाजूचे आहे. पण तो होणारच असेल, तर नकाशावर आधी दारे काढा. कुठल्या गल्लीतून, कुठल्या स्थानकातून, कुठल्या कोळीवाड्यातून समुद्राकडे वाट जाते ती आधी दाखवा. दोन वाटांमधले अंतर म्हाताऱ्या माणसाच्या पायांनी ठरवा. मग उरलेल्या जागेत रस्ता बसतो का ते पाहा. दक्षिणेतही उशीर झालेला नाही. भुयारे वाढवता येतील, जिन्यांना उतार देता येतील, वरळी आणि हाजी अलीला बस थेट दाराशी थांबवता येईल, रविवारी सकाळी एका बाजूच्या मार्गिका गाड्यांना बंद ठेवता येतील. जमिनीखाली सुमारे १८०० गाड्या उभ्या करायची योजना करणाऱ्या यंत्रणेला हे अवघड नाही.

पुढच्या टप्प्यासाठी हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा तुम्ही लांबी विचारू नका. एका कागदावर आपला पत्ता लिहा आणि एवढेच विचारा: माझ्या दारातून समुद्रापर्यंत पायी जायला किती मिनिटे लागतील, आणि वाटेत किती जिने चढावे लागतील? उत्तर लेखी मागा.